सगळ्या टेस्ट पास होतात, तरी काम रांगेत अडकून राहतं: समांतर प्रणालींची फॉर्मल पडताळणी कुठून सुरू करावी?

प्रश्न थोडक्यात असा. एक थ्रेड रांगेत कामं टाकतो, दुसरा ती उचलून करतो. रांग रिकामी झाली की दुसरा झोपतो आणि नवं काम आलं की पहिला त्याला उठवतो. युनिट टेस्ट पास, लोड टेस्टही पास. तरी काही आठवड्यांतून एकदा, तेही वर्दळ कमी असताना, एखादं काम रांगेत पडून राहतं आणि सेवा पुन्हा सुरू केली की सगळं सुरळीत. कोणीतरी सुचवलं की फॉर्मल स्पेसिफिकेशन, म्हणजे डिझाइनचं गणिती भाषेतलं नेमकं वर्णन, लिहा आणि मॉडेल चेकरने, म्हणजे त्या वर्णनातल्या शक्य त्या सगळ्या अवस्था फिरून बघणाऱ्या प्रोग्रामने, तपासा. याने खरंच फरक पडतो का, टूल कुठलं घ्यावं, गणित किती लागतं, आणि शेवटी कोड बरोबर असल्याची हमी मिळते का?

फरक पडतो. तुमची लक्षणं या क्षेत्रात इतकी ओळखीची आहेत की तुमचंच उदाहरण घेऊन उत्तर देतो. माझं मत मात्र आधी सांगून टाकतो: निम्मा फायदा टूल चालवण्याआधीच पदरात पडतो. स्पेसिफिकेशन लिहायला बसलं की दोन गोष्टी टाळता येत नाहीत. कुठलं विधान प्रत्येक क्षणी खरं राहायला हवं, आणि कुठली कृती मध्ये कोणालाही शिरू न देता एका दमात पूर्ण होते. बहुतेक टीममध्ये या दोन्हींची उत्तरं प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळी असतात आणि कोणीच ती लिहिलेली नसतात.

टेस्टला हा दोष का सापडत नाही? दोन थ्रेड घ्या, प्रत्येकाच्या दहा पायऱ्या. त्या एकमेकांत मिसळण्याचे प्रकार होतात १,८४,७५६. दहाच पायऱ्यांचा तिसरा थ्रेड आणला की आकडा साडेपाच लाख कोटींच्या वर जातो. टेस्ट कितीही वेळा चालवली तरी शेड्यूलर बहुतेकदा त्याच त्या नेहमीच्या क्रमांनी थ्रेड चालवतो. ज्या क्रमात गडबड आहे तो क्रम दोन विशिष्ट सूचनांच्या मधल्या इवल्याशा फटीत असतो आणि टेस्टच्या मशीनवर ती फट क्वचितच उघडते.

मॉडेल चेकर मार्ग मोजत बसत नाही, तो अवस्था मोजतो. दहा पायऱ्यांचे दोन थ्रेड कुठे कुठे उभे असू शकतात याच्या जोड्या फक्त ११ × ११, म्हणजे १२१. त्याला सामायिक व्हेरिएबलच्या संभाव्य किमतींनी गुणलं तरी आकडा यंत्राच्या आवाक्यात राहतो. लाखो मार्ग फिरून फिरून त्याच अवस्थांपाशी येतात आणि एक अवस्था एकदा तपासली की पुन्हा तपासावी लागत नाही. एडमंड क्लार्क आणि अ‍ॅलन इमर्सन यांनी १९८१ मध्ये, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे केय आणि जोसेफ सिफाकिस यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचं मूळ बळ हेच. क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना त्यासाठी २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

‘आमचा कोड छोटा आहे, नीट वाचला तर चूक दिसेल’ असं वाटत असेल तर एक जुना प्रसंग सांगतो. डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये परस्पर-वर्जनाचा प्रश्न, म्हणजे एका वेळी एकाच प्रोसेसने नाजूक भागात शिरावं हा प्रश्न, उत्तरासह प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी हायमन यांनी त्याच नियतकालिकात दोन प्रोसेसपुरतं सोपं उत्तर छापलं. जेमतेम काही ओळी. ते चुकीचं होतं आणि त्याच वर्षी डोनाल्ड कनूथ यांनी ते दाखवून दिलं. आज तो प्रोग्राम मॉडेल चेकरला दिला तर दोन्ही प्रोसेस एकाच वेळी आत शिरल्याचा क्रम क्षणात समोर येतो. कनूथ प्रत्येक टीममध्ये नसतात, मॉडेल चेकर असू शकतो.

आता तुमचं उदाहरण. तुमच्या वर्णनावरून रचना साधारण अशी दिसते:

कामगार थ्रेड
क१: रांगेत काम असेल तर एक उचला, करा आणि पुन्हा क१. नसेल तर क२.
क२: झोपतोय := खरं
क३: इशारा १ होईपर्यंत थांबा. झाला की इशारा := ०, झोपतोय := खोटं, पुन्हा क१.

टाकणारा थ्रेड
ट१: रांगेत एक काम वाढवा
ट२: झोपतोय खरं असेल तर इशारा := १

दर वेळी इशारा देणं महाग पडतं, म्हणून ‘झोपतोय’ हा फ्लॅग ठेवलेला असतो. हेतू रास्त आहे. आता हा क्रम बघा: क१ (रांग रिकामी दिसली), ट१, ट२ (झोपतोय अजून खोटं, म्हणून इशारा नाही), क२, क३. पाच पायऱ्यांत कामगार झोपला, रांगेत एक काम पडून आहे आणि त्याला उठवायची जबाबदारी आता कोणाकडेच नाही. याला लॉस्ट वेकअप म्हणतात.

वर्दळ कमी असतानाच हे का दिसतं तेही यातून उलगडतं. वर्दळ असेल तर पुढचं काम लगेच येतं, ट२ ला झोपतोय खरं दिसतं, इशारा जातो आणि कामगार उठून दोन्ही कामं उरकतो. दोष घडून गेलेला असतो, दिसतो फक्त थोडा उशीर. रांगेतलं शेवटचं काम त्या फटीत सापडलं आणि नंतर बराच वेळ काहीच आलं नाही, तरच तक्रार येते. लोड टेस्ट जितकी जोरात चालवाल तितका हा दोष जास्त झाकला जाईल.

स्पेसिफिकेशन लिहिताना नवखा माणूस चुकतो तो पायरीच्या आकारात. वरची क१ आणि क२ एकच पायरी धरली, म्हणजे ‘रांग रिकामी असेल तर झोपतोय खरं करा’ असं एका दमात लिहिलं, तर मॉडेलमधून दोष गायब होतो. टूल निर्धास्तपणे सांगेल की सगळं ठीक आहे, आणि मॉडेलपुरतं ते खरंच असेल. म्हणून माझा नियम साधा आहे: एका पायरीत सामायिक व्हेरिएबलचं एकच वाचन किंवा एकच लेखन. त्याहून जास्त एकत्र करायचं असेल तर तो भाग कुठल्या लॉकखाली आहे किंवा हार्डवेअरची कुठली अविभाज्य सूचना तिथे वापरली आहे, ते शेजारी लिहायचं. प्लसकॅलमध्ये (टीएलए प्लस या स्पेसिफिकेशन भाषेचं प्रोग्रामसारखं दिसणारं रूप) दोन लेबलांच्या मधला भाग अविभाज्य धरला जातो, त्यामुळे लेबल कुठे ठेवायचं हा तिथे कळीचा निर्णय असतो.

दुरुस्ती बहुतेकांना सुचते: झोपण्याआधी पुन्हा एकदा रांग बघा. क२ आणि क३ च्या मध्ये एक पायरी येते:

क२अ: रांगेत काम दिसलं तर झोपतोय := खोटं, परत क१. नसेल तर क३.

(इथे तपासणं आणि फ्लॅग उतरवणं मी एकाच पायरीत घेतलं आहे, म्हणजे वरचा नियम मोडला आहे. फ्लॅगवर फक्त कामगारच लिहितो, म्हणून इथे चालतं. तुमच्या मॉडेलमध्ये सुरुवातीला दोन वेगळ्या पायऱ्याच ठेवा.)

ही दुरुस्ती बरोबर आहे हे कशावरून? इथे इन्व्हेरियंट येतो, म्हणजे पोहोचता येणाऱ्या प्रत्येक अवस्थेत खरं असायला हवं असं विधान. पहिल्या झटक्यात माणूस लिहितो: ‘कामगार क३ वर असेल तर रांग रिकामी असते.’ टूल ते लगेच खोडून काढतं. कामगार झोपलेला, ट१ नुकतीच झाली, ट२ अजून व्हायची आहे. हा दोष नाही, इशारा वाटेत आहे. मग विधान सुधारायचं: ‘कामगार क३ वर असेल आणि रांगेत काम असेल, तर इशारा १ आहे किंवा कोणीतरी टाकणारा ट२ वर उभा आहे.’ याच्या जोडीला ‘क२अ आणि क३ वर झोपतोय नेहमी खरं असतं’ हेही लागतं, नाहीतर ट२ वर उभा असलेला टाकणारा इशारा देईलच असं म्हणता येत नाही. दुरुस्त मॉडेलमध्ये ही दोन्ही विधानं टिकतात. जुन्या मॉडेलमध्ये पहिलं विधान त्याच पाच पायऱ्यांनंतर मोडतं.

एकेका पायरीने विधान टिकतं का ते हातानेही तपासता येतं आणि एकदा तरी ते जरूर करावं. क२अ वरून क३ वर जाता येतं ते रांग रिकामी असतानाच, तेव्हा विधान आपोआप खरं. कामगार क३ वर असताना ट१ झाली तर तो टाकणारा ट२ वर आला, विधान खरं. ट२ झाली तर झोपतोय खरं असल्यामुळे इशारा १ झाला, विधान खरं. एवढंच. सिद्धता म्हणजे काय याचा या क्षेत्रातला गाभा हाच आहे आणि त्याला शाळेतलं तर्कशास्त्र पुरतं.

आता कामगार दोन करून बघा. इन्व्हेरियंट पुन्हा मोडतो. दोघं झोपलेले, एक काम आलं, दुसरा इशारा घेऊन उठला आणि झोपतोय खोटं करून गेला. तेवढ्यात आणखी एक काम आलं, फ्लॅग खोटा म्हणून इशारा गेला नाही. पहिला झोपलेला, रांगेत काम, इशारा नाही, ट२ वर कोणी नाही. पण अनर्थ झालेला नाही, कारण दुसरा जागा आहे आणि तो रांग पुन्हा बघणारच आहे. म्हणजे डिझाइनपेक्षा आपलं विधानच जास्त कडक होतं. टूलने ‘मोडलं’ म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायचा: प्रणाली चुकली की माझी मागणी? या प्रश्नावर जो वाद टीममध्ये होतो, त्यासाठीच हा सगळा खटाटोप करावा असं मला वाटतं.

इथपर्यंत सुरक्षिततेचं झालं, म्हणजे ‘वाईट कधीच घडत नाही.’ दुसरी बाजू ‘चांगलं कधीतरी घडतंच’, तिला लाइव्हनेस म्हणतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी हा भेद १९७७ मध्ये मांडला, त्याच वर्षी आमिर प्नुएली यांनी अशी विधानं लिहिण्यासाठी काल-तर्क, म्हणजे ‘नेहमी’ आणि ‘कधीतरी’ असं बोलता येणारं तर्कशास्त्र, वापरायची वाट दाखवली. तुमच्यासाठी विधान आहे: टाकलेलं प्रत्येक काम कधीतरी उचललं जातं. हे तपासायला गेलात की टूल आधी एक खुळचट वाटणारं उदाहरण देईल: टाकणारा ट१ नंतर कायमचा थांबला. म्हणून फेअरनेस सांगावा लागतो. जी पायरी घेणं सतत शक्य आहे ती कधीतरी घेतली जाईल, हा झाला दुर्बल फेअरनेस. मधून मधून पण पुन्हा पुन्हा शक्य होत असेल तरी कधीतरी घेतली जाईल, हा सबल. सबल गृहीत धरताना हात आखडता ठेवा. साधा म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक, थांबलेल्यांना क्रमाने आत सोडतोच असं नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये सबल फेअरनेस घातला तर प्रत्यक्षात नसलेली हमी आपण गृहीत धरून बसतो.

याहून बारीक गोष्ट तुमच्या दोषाशी थेट जोडलेली आहे. टाकणारा अखंड कामं टाकत राहतो असं मॉडेल केलं आणि त्याच्या दोन्ही पायऱ्यांना फेअरनेस दिला, तर सदोष मॉडेलमध्येही लाइव्हनेस टिकतो! पुढचं काम येतंच, इशारा जातोच. लोड टेस्टमध्ये झालं तेच मॉडेलमध्ये होतं. बरोबर मॉडेल असं: ट२ ला फेअरनेस द्यायचा, कारण सुरू केलेलं काम थ्रेड पुरं करेल. ट१ ला द्यायचा नाही, कारण बाहेरून काम येईलच अशी हमी कोणी दिलेली नाही. फेअरनेस कुठे द्यायचा याचा निर्णय म्हणजे बाहेरच्या जगाबद्दल केलेलं विधान असतं, त्यामुळे तो प्रत्येक पायरीगणिक विचार करून घ्या. ‘कधीतरी’ म्हणजे किती वेळात, हे मात्र यात कुठेच येत नाही. वेळेची कडक मर्यादा असेल तर उप्पालसारखं कालबद्ध ऑटोमेटांवर चालणारं टूल लागेल.

आता अडचणीचा भाग. दुरुस्त मॉडेल सगळ्या कसोट्यांना उतरलं, तुम्ही ते जसंच्या तसं कोडमध्ये उतरवलं, आणि तरी तोच दोष पुन्हा दिसू शकतो. कामगार आधी ‘झोपतोय’ लिहितो, मग रांग वाचतो. टाकणारा आधी रांग लिहितो, मग ‘झोपतोय’ वाचतो. एक्स८६ प्रोसेसरवर प्रत्येक कोअरचं लेखन आधी त्याच्या स्टोअर बफरमध्ये जातं आणि ते मेमरीत पोहोचण्याआधी पुढचं वाचन उरकलेलं असू शकतं. दोघांचीही लेखनं बफरमध्ये असताना दोघांनीही जुन्या किमती वाचल्या, तर कामगाराला रांग रिकामी दिसते, टाकणाऱ्याला झोपतोय खोटं दिसतं आणि कामगार झोपतो. आर्म प्रोसेसरवर तर मोकळीक आणखी जास्त आहे.

मॉडेलने फसवलं का? नाही. प्रत्येक लेखन त्याच क्षणी सगळ्यांना दिसतं, हे गृहीत आपणच त्यात घातलं होतं. लॅम्पोर्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेली सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी ती हीच, आणि आजचे मल्टीकोअर प्रोसेसर ती फुकट देत नाहीत. हा घोटाळा मॉडेलमध्येही आणता येतो: प्रत्येक थ्रेडला एक बफर द्या, लेखन बफरमध्ये टाका, आणि ‘बफरमधलं सर्वांत जुनं लेखन मेमरीत उतरवा’ ही वेगळी पायरी करा. मग क२ नंतर आणि ट१ नंतर फेन्स, म्हणजे आधीची लेखनं मेमरीत उतरेपर्यंत पुढचं वाचन रोखणारी सूचना, घातल्याशिवाय इन्व्हेरियंट टिकत नाही हे टूलच दाखवेल. एकाच बाजूला फेन्स घालून भागत नाही, दोन्ही बाजूंना लागतो. सी++ मध्ये अ‍ॅक्वायर-रिलीज हा क्रम इथे अपुरा आहे, दोन्हीकडे पूर्ण क्रमवारीच्या अ‍ॅटॉमिक कृती हव्यात. आणि रेस शोधणाऱ्या टूलवर इथे विसंबू नका. ‘झोपतोय’ आणि रांगेची लांबी दोन्ही अ‍ॅटॉमिक असतील तर तांत्रिक अर्थाने डेटा रेस, म्हणजे साध्या व्हेरिएबलवर दोन थ्रेडची बेशिस्त झटापट, नाहीच. थ्रेडसॅनिटायझर गप्प बसेल आणि ते योग्यच असेल.

(म्यूटेक्स आणि कंडिशन व्हेरिएबल सरळ वापरलं असतं तर यातला निम्मा त्रास नसता. लॉक टाळण्याआधी लॉकमुळे खरंच किती वेळ जातो ते मोजा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फार कमी जण ऐकतात.)

टूलबद्दल फार चर्चा करण्यात अर्थ नाही, तरी विचारलं आहे म्हणून. नेटवर्कवरचे प्रोटोकॉल, नोड कोसळणं, संदेश हरवणं असं काही असेल तर टीएलए प्लस. थ्रेड आणि चॅनेलच्या पातळीवर सी भाषेच्या जवळ राहायचं असेल तर जेरार्ड होल्झमन यांचं स्पिन. त्याची प्रोमेला भाषा एका दिवसात हाताला बसते. संदेशांवरच चालणाऱ्या रचनांसाठी होअर यांच्या सीएसपी या संदेशांवर आधारलेल्या गणिती भाषेवर बेतलेलं एफडीआर. मेमरी क्रमाच्या वर सांगितलेल्या भानगडींसाठी हर्डसारखी छोट्या चाचण्यांची टूल. रस्टमध्ये लिहीत असाल तर लूम प्रत्यक्ष कोडच वेगवेगळ्या क्रमांनी चालवून बघतं आणि तुमच्या रांगेएवढ्या आकाराला ते मस्त पुरतं. तुमच्या टीमला ज्याचं व्याकरण कमी टोचेल ते घ्या. एका टूलमध्ये विचार करायला शिकलात की दुसरं जड जात नाही.

अवस्थांचा स्फोट होईल ही भीती खरी आहे, पण सुरुवातीलाच तिने अडून बसू नका. तीन थ्रेड, रांगेची लांबी दोन, कामं तीन, एवढ्यावर चालवा. समांतर डिझाइनमधले बहुतेक दोष इतक्या छोट्या आकारातही दिसतात, हा या क्षेत्रातला नेहमीचा अनुभव. स्पिनमधलं पार्शल ऑर्डर रिडक्शन (पायऱ्यांच्या क्रमाने फरक पडत नसेल तिथे एकच क्रम तपासणं) किंवा सारखे थ्रेड एकच समजणारी सिमेट्री नंतर कामाला येतात. एक गोष्ट मात्र कबूल करून चालावी लागते. तीन थ्रेडसाठी तपासलं म्हणजे कितीही थ्रेडसाठी सिद्ध झालं असं नाही, आणि ‘कितीही प्रोसेससाठी खरं आहे का’ या सर्वसाधारण प्रश्नाला यांत्रिक उत्तर असूच शकत नाही, हे आप्ट आणि कोझेन यांनी १९८६ मध्ये दाखवलं आहे.

प्रत्यक्ष उद्योगात याचा उपयोग झाला का, अशी शंका वरिष्ठ हमखास काढतील. त्यांना दोन उदाहरणं सांगा. १९९२ च्या सुमाराला क्लार्क आणि सहकाऱ्यांनी फ्यूचरबस प्लस या हार्डवेअर मानकातला कॅश कोहेरन्स प्रोटोकॉल (वेगवेगळ्या प्रोसेसरांच्या कॅशमधल्या प्रती जुळत्या ठेवणारे नियम) एसएमव्ही या मॉडेल चेकरने तपासला आणि छापून आलेल्या मानकात त्यांना चुका सापडल्या. अलीकडचं उदाहरण अ‍ॅमेझॉनचं. त्यांच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये लिहिलं की डायनॅमोडीबीच्या एका अल्गोरिदममध्ये टीएलए प्लसने असा दोष पकडला ज्याचा सर्वांत छोटा माग ३५ पायऱ्यांचा होता. डिझाइनची छाननी, कोडची छाननी आणि टेस्टिंग या तिन्ही चाळण्यांतून तो निसटला होता. पस्तीस पायऱ्यांचा क्रम कोणाच्या डोक्यात मावेल?

पूर्ण सिद्धतेकडे वळावं का? तुमच्या प्रश्नासाठी नाही. मार्ग बरेच आहेत. सुझन ओविकी आणि डेव्हिड ग्रीस यांची १९७६ ची पद्धत: प्रत्येक थ्रेडची सिद्धता स्वतंत्र लिहायची, आणि मग एकाची कुठलीही पायरी दुसऱ्याच्या सिद्धतेतलं विधान मोडत नाही हे दाखवायचं. क्लिफ जोन्स यांची रिलाय-गॅरंटी: मी इतरांकडून काय गृहीत धरतो आणि बदल्यात काय पाळतो, हे करारासारखं लिहायचं. आणि स्टीफन ब्रूक्स आणि पीटर ओहर्न यांचं समांतर प्रोग्रामसाठीचं सेपरेशन लॉजिक, म्हणजे मेमरीचा कुठला भाग कोणाच्या ताब्यात आहे हे धरून सिद्धता लिहायची पद्धत, ज्याला २०१६ चा गोडेल पुरस्कार मिळाला. आजच्या आयरिससारख्या चौकटी त्याच वाटेवर पुढे गेल्या आहेत. पण खर्चाचा अंदाज हवा असेल तर एसईएल४ बघा. २००९ मध्ये जाहीर झालेल्या त्या कर्नलचा सी कोड ८,७०० ओळींच्या आसपास आणि सिद्धता सुमारे दोन लाख ओळींची. त्यातही ती सिद्धता एका प्रोसेसरपुरती होती, म्हणजे खरी समांतरता डिझाइनमधूनच बाजूला ठेवली होती. लॉक-फ्री लायब्ररी, हायपरवायझर, क्रिप्टोग्राफी असं काही लिहीत असाल तर हा खर्च परवडतो. कामाच्या रांगेसाठी नाही.

हमी मिळते का, या प्रश्नाचं सरळ उत्तर: डिझाइनची मिळते, कोडची नाही. मॉडेल आणि कोड यांच्यातली दरी बुजवायचे दोन उपाय मला व्यवहारात टिकलेले दिसतात. पहिला, कोडमध्ये प्रत्येक पायरीला मॉडेलमधल्याच लेबलाची खूण टिप्पणी म्हणून ठेवायची, म्हणजे कोणी क२अ पुढेमागे हलवली तर छाननीत ते डोळ्यांत भरतं. दुसरा, चालत्या प्रणालीचा लॉग घेऊन त्यातला क्रम मॉडेलला मान्य आहे का ते यंत्राने तपासायचं. दुसऱ्याला मेहनत जास्त, कारण लॉगमधले क्षण नेमके मॉडेलच्या पायऱ्यांशी जुळवावे लागतात आणि तिथे बरंच घोडं अडतं. कोडमधून मॉडेल आपोआप काढणारी टूल आहेत, पण त्यांच्यापासून सुरुवात करू नका. कोडचा सगळा गाळ मॉडेलमध्ये येतो आणि आपल्याला नेमकं काय सिद्ध करायचं होतं तेच हरवून जातं.

टूलने हिरवा कंदील दाखवला की लगेच विश्वास ठेवू नका, हेही सांगायला हवं. एखादी अट चुकून इतकी कडक लिहिली जाते की कामगार क३ पर्यंत कधी पोहोचतच नाही. मग क३ बद्दलचं कुठलंही विधान फुकटात खरं ठरतं. म्हणून मुद्दाम खोटी विधानं तपासायला द्या: ‘कामगार कधीच झोपत नाही’, ‘रांग कधीच भरत नाही’, ‘इशारा कधीच १ होत नाही’. टूलने प्रत्येक विधान खोडून काढलं पाहिजे. एखादं ‘खरं आहे’ असं उत्तर आलं तर मॉडेलचा तो भाग निर्जीव आहे. त्यानंतर क२अ काढून टाका आणि जुना दोष पुन्हा पकडला जातो का ते बघा. जे मॉडेल ओळखीचा दोष पकडत नाही त्याच्याकडून अनोळखी दोषाची अपेक्षा कशी करणार?

गणिताचं बरंचसं वर आलंच. संच, ‘प्रत्येकासाठी’ आणि ‘निदान एक’, फलन, आणि ‘जर-तर’ विधान पूर्वपद खोटं असताना खरं असतं हे पचवणं, एवढं पुरतं. काल-तर्कातली ‘नेहमी’ आणि ‘कधीतरी’ ही दोन चिन्हं सुरुवातीला पुष्कळ झाली. जड जातं ते वेगळंच: प्रोग्राम ‘काय करतो’ या क्रमाने विचार करायची सवय सोडून ‘या क्षणी काय खरं आहे’ असा विचार करणं. त्यासाठी मॉडेल लिहायला दोघं बसा, एक कोड माहीत असलेला आणि एक अजिबात माहीत नसलेला. दुसरा विचारतो ते प्रश्न पहिल्याला कधीच सुचत नाहीत.

पहिलं मॉडेल तुमच्या संपूर्ण सेवेचं करू नका. वरच्या सहा पायऱ्या, एक कामगार, दोन टाकणारे, रांगेची मर्यादा दोन. आधी क२अ शिवाय चालवा, माग हातात घ्या आणि तुमच्या लॉगमधल्या अडकलेल्या कामाच्या वेळांशी ताडून बघा. जुळत नसेल तर दोष दुसरीकडे आहे, बहुधा काम उचलल्यानंतर आणि पूर्ण झाल्याची नोंद करण्याआधी, आणि मग पुढचं मॉडेल त्या भागाचं.